सोलापूरहून स्वराज द्वीपाला घर हलवायचंय? हिशोब शेवटच्या धक्क्यापासून मांडा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांना अंदमानातल्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, एका रिसॉर्टमध्ये देखभालीच्या कामाचा ३ वर्षांचा करार मिळालाय. घर दोन बेडरूमचं. मुलं दोन, एक पाचवीत, एक दुसरीत. सामान हलवायला कंपनी ठरावीक रक्कम देणार, वरचा खर्च आपला. इथल्या एका पॅकर्सवाल्याने 'घर ते घर' म्हणून एकच आकडा सांगितलाय. तो मान्य करावा का, सगळं घर न्यावं का, आणि कधी निघावं?

ताई, घरसामान हलवण्याच्या धंद्यात मला २६ वर्षं झाली. पुण्या-मुंबईची, हैदराबादची घरं तर रोजचीच. अंदमानची मोजकीच केली, पण शिकवलं त्यांनीच जास्त. पहिल्या कामात मी नेहमीच्या सवयीने सोलापूरपासून मोजत गेलो. ट्रक किती, चेन्नईचं गोदाम किती, जहाज किती. आणि शेवटची छोटी बोट एका ओळीत उरकली. त्या घरातलं तीन दारांचं लाकडी कपाट पोर्ट ब्लेअरपर्यंत ओरखडा न पडता गेलं आणि तिथेच अडकलं. बोटीवर ते चढवायला जागा नव्हती, आणि सुटं करायला गेलो तर ते खिळे ठोकून, डिंक लावून पक्कं केलेलं. शेवटी मिळेल त्या किमतीला तिथेच द्यावं लागलं. त्या काकूंचं ते माहेरचं कपाट होतं. चूक माझी होती आणि मी ती अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून बेटावरच्या घराचा हिशोब मी उलटा, शेवटच्या धक्क्यापासून सुरू करतो. तुम्हीही तसाच करा.

अंतरं बघा. सोलापूर ते चेन्नई रस्त्याने साधारण ९०० किलोमीटर, ट्रकला दोन दिवस. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजय पुरम) समुद्रातून सुमारे १,२०० किलोमीटर, प्रवासी जहाजाला ५० ते ६० तास. मालाच्या जहाजाचं वेळापत्रक वेगळं आणि जास्त सैल. तिथून स्वराज द्वीप फक्त ४० किलोमीटर, सरकारी बोटीने अडीच तासांचं. कागदावर हे ४० किलोमीटर किरकोळ दिसतात. सगळं घर अडतं ते इथेच.

कारण असं. वेगवान खासगी बोटी माणसं आणि त्यांच्या बॅगा नेतात, घरसामान नाही. ते सरकारी बोटीने किंवा मालवाहू होडीने जातं. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीचा डेक धक्क्याच्या कधी वर, कधी खाली असतो. चढउतार माणसांच्या खांद्यावर. समुद्र खवळला की फेरी रद्द, आणि दुसऱ्या दिवशी आधी अडकलेली माणसं आणि भाजीपाला जाणार, तुमचा सोफा नाही. तेही बरोबरच आहे, कारण बेटाला रोजचं जेवण त्याच बोटीने येतं.

म्हणून पहिला नियम: दोन माणसांना उचलून वळवता येणार नाही अशी एकही वस्तू न्यायची नाही. खोकं २५ किलोच्या वर नको. पलंग, टेबल, कपाट सगळं सुटं होणारं हवं, आणि स्क्रू कापडी पिशवीत घालून त्याच फळीला बांधलेले हवेत.

आता चढ-उतार बोटांवर मोजा. घरातून ट्रकमध्ये, ट्रकमधून चेन्नईच्या गोदामात, गोदामातून कंटेनरमध्ये, पोर्ट ब्लेअरला कंटेनरमधून छोट्या गाडीत, गाडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत, बोटीतून तिकडच्या धक्क्यावर, तिथून पिकअपमध्ये, पिकअपमधून घरात. नऊ झाल्या. सोलापूरहून पुण्याला जाताना दोनच होतात. हमाली या प्रत्येक चढ-उताराला लागते, आणि काच फुटते, कोपरा दबतो तोही इथेच. बेटाच्या कामात किलोमीटरपेक्षा पैसे जास्त जातात ते या नऊ जागी.

त्या पॅकर्सवाल्याला म्हणूनच एवढंच विचारा: "तुमचं शेवटचं घर कुठलं?" बहुतेक वेळा उत्तर पोर्ट ब्लेअरचं गोदाम असं येतं. तसं असेल तर तो आकडा नऊपैकी फक्त चौथ्या चढ-उतारापर्यंतचा. स्वराज द्वीपावरच्या घराच्या उंबऱ्याच्या आत सामान ठेवण्यापर्यंत, बोटीचं भाडं, दोन्ही धक्क्यांवरची हमाली आणि वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याची मजुरी) धरून, असं बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालाच्या पावतीवर, आणि कोटेशनवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर तो वाईट माणूस आहे असं नाही, त्याचं तिकडे कोणी नाही एवढाच अर्थ. मग पोर्ट ब्लेअरपासून पुढचं काम यजमानांनी रिसॉर्टच्या खरेदी विभागाकरवी ठरवावं. त्या लोकांचा माल रोज बोटीने येतो. कुठली बोट, कुठला हमाल, कुठल्या दिवशी जागा असते हे त्यांना आपल्यापेक्षा शंभर पट माहीत असतं. मी तर तुम्हाला हाच रस्ता सुचवेन.

आता काय न्यायचं. जहाजावर सामानाचं भाडं घनमीटरवर किंवा टनावर धरतात, जो जास्त होईल तो. घरसामान आकाराने मोठं आणि वजनाला हलकं, त्यामुळे आपलं बिल नेहमी घनमीटरवरच निघतं. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. टेप घ्या आणि प्रत्येक वस्तू मोजा. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट लांब, तीन फूट खोल, तीन फूट उंच, म्हणजे ५८.५ घनफूट, १.६६ घनमीटर. गोदरेजसारखं लोखंडी कपाट साडेसहा बाय तीन बाय दीड, म्हणजे २९ घनफूट, ०.८३ घनमीटर. समजा चेन्नई ते पोर्ट ब्लेअर घनमीटरला ५,००० रुपये दर मिळाला (हा आकडा फक्त गणित समजायला घेतलाय, खरा दर तुम्ही त्या आठवड्याचा मागा), तर नुसत्या समुद्राच्या टप्प्याला सोफ्याचे ८,३०० रुपये होतील. त्यावर सोलापूर-चेन्नईचं भाडं, नऊ वेळची हमाली, शेवटची बोट. आणि तुमचा करार ३ वर्षांचा, म्हणजे परत येताना हाच खर्च पुन्हा. हे दुसरं भाडं कुणी धरत नाही, आणि मी ते धरल्याशिवाय कुणाला हिशोब देत नाही.

तेव्हा वहीत प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे तीन आकडे लिहा: सोलापुरात विकली तर काय येईल, जाऊन-येऊन नेण्याचा खर्च काय, आणि पोर्ट ब्लेअरला नवी घेतली तर काय पडेल. पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात घरगुती वस्तू मिळतात. किंमत इथल्यापेक्षा चढी असते, कारण तिथला मालही जहाजानेच आलेला. पण तिथे घेतलेल्या वस्तूला फक्त शेवटची बोट लागते. सोफा, डायनिंग टेबल, बॉक्सचा पलंग, मोठं कपाट या चारांच्या बाबतीत विकणं-घेणं मला जवळजवळ नेहमीच स्वस्त पडलेलं दिसतं. उलट कपडे, भांडी, कुकर, मिक्सर, शिलाई मशीन, मुलांच्या सायकली, पंखे हे न्या. जागा कमी खातं, किंमत जास्त असते.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांच्यावर माझ्याच माणसांशी माझा वाद होतो. माझं मत: ५ वर्षांच्या आतले असतील तर न्या, जुने असतील तर विका. खाऱ्या हवेत जुनं लोखंड फार लवकर गंजतं.

हवेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याला तिची कल्पना नसते. आपण कोरड्या मुलखातली माणसं. उन्हाळ्यात पारा ४३ वर गेला तरी कपाटातला कागद कोरडा असतो. तिकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पाऊस नसला तरी हवा ओली. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर, जे आज बहुतेक घरांत असतं, पाणी ओढून फुगतं आणि स्क्रूची पकड सुटते. असलं एकही कपाट नेऊ नका. चामड्याच्या चपला-बॅगांना बुरशी येते. फोटोंचे अल्बम नेऊच नका, तुमच्या आईंकडे सोलापुरात ठेवा आणि मोबाइलमध्ये उतरवून घ्या. पुस्तकं मुलांना लागतील तेवढीच, बाकी इथे. आणि चादरी: सोलापूरची जाड चादर आपला अभिमान, पण तिथल्या पावसाळ्यात ती धुतली तर तीन-तीन दिवस वाळत नाही. वापरायला दोन न्या. जुन्या मात्र सगळ्या द्या मला, फर्निचर गुंडाळायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. बबलचं प्लास्टिक फुटतं, चादर फुटत नाही, आणि पोचल्यावर ती घरात कामाला येते.

ज्वारीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. बेटावर भात आणि गव्हाचं राज्य. मंगळवेढ्याची मालदांडी तिथे वाण्याकडे मिळेल अशी आशा धरू नका. दळून पीठ नेऊ नका, त्या हवेत पीठ लवकर खराब होतं आणि जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते. धान्य न्या, चांगलं ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि घरगुती गिरणी न्या. गिरणी जड आहे पण जागा थोडी खाते, दोन माणसांना सहज उचलते. एका कुटुंबाने माझं न ऐकता सोफा नेला आणि गिरणी ठेवून गेले. दुसऱ्या महिन्यात मला फोन, गिरणी पाठवता का. एकटी गिरणी पाठवायला जेवढा त्रास झाला तेवढा अख्खं घर पाठवायला झाला नव्हता. कंटेनर भरला की भरला, नंतरची एक वस्तू फार महाग पडते.

अंदाजपत्रक तीन भागांत करा. पहिला भाग ठरलेल्या खर्चाचा: पॅकिंग, सोलापूर-चेन्नई ट्रक, विमा, तुमची सगळ्यांची तिकिटं. दुसरा भाग मापाचा, जो घनमीटरवर वर-खाली होईल. सामान बांधायच्या आधी इथे बसूनच तो कमी करता येतो, बांधल्यावर नाही. तिसरा भाग थांबण्याचा, आणि लोक हाच विसरतात. जहाज चुकलं तर चेन्नईच्या गोदामाचं भाडं. ट्रक रिकामा व्हायला उशीर झाला तर ट्रकवाल्याचं हॉल्टिंग. कंटेनर ठरलेल्या मोफत दिवसांत सोडवला नाही तर बंदराचं डेमरेज (उशिराचा आकार) आणि कंटेनर कंपनीचं वेगळं भाडं. बोट रद्द झाली तर पोर्ट ब्लेअरला लॉज आणि जेवण. मी या तिसऱ्या भागाला पहिल्या दोघांच्या बेरजेचा पाचवा हिस्सा बाजूला काढायला सांगतो. नाही लागला तर तिथे गाद्या घ्या. कंपनीने दिलेली रक्कम तिसऱ्या भागापर्यंत पुरत नसेल, तर मापाचा भाग कापा, थांबण्याचा कापू नका. आणि यजमानांना सांगा, कंपनीकडे बिलं लागतील: बिल्टी, गोदामाची पावती, बोटीची पावती. धक्क्यावरचे हमाल पावती देत नाहीत, तो खर्च आधीच कंपनीला सांगून मान्य करून घ्यावा. रोख पैसे जवळ ठेवा. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची इंटरनेट केबल सुरू झाल्यापासून तिथे मोबाइलवरून पैसे देणं सोपं झालंय, पण पावसात धक्क्यावर उभं राहून नेटवर्क शोधत बसू नये.

विम्याबाबत आग्रहाने सांगतो. वाहतूकदाराची कायद्याने असलेली जबाबदारी, वेगळी किंमत जाहीर केली नसेल तर, रस्त्यावरच्या वाहतुकीत भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. आणि समुद्राचा एक फार जुना कायदा आहे, त्याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. जहाज वाचवायला कप्तानाने काही माल समुद्रात टाकला किंवा तसाच जाणूनबुजून खर्च केला, तर ते नुकसान ज्यांचा माल वाचला ते सगळे वाटून घेतात. तुमचं एकही खोकं भिजलं नाही तरी तुमच्या नावावर रक्कम निघू शकते, आणि ती भरेपर्यंत किंवा तिची हमी देईपर्यंत माल सुटत नाही. मरीन पॉलिसीमध्ये, म्हणजे समुद्री वाहतुकीच्या विम्यात, हे धरलेलं असतं. म्हणून पॉलिसी पॅकर्सवाल्याच्या नावाने असलेली नको, तुमच्या नावाने, सोलापूरच्या दारापासून बेटाच्या दारापर्यंतची हवी. वापरलेल्या वस्तूंना विमा कंपनी सगळे धोके देईलच असं नाही. कुठले दिले ते आधी वाचून घ्या. यादीत "किचनचं सामान, ५ खोकी" असं लिहू नका, खोक्याचा क्रमांक, आतल्या वस्तू, आजची किंमत लिहा. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. माल घेताना खोकं दबलेलं दिसलं तर सही करायच्या आधी पावतीवर तसं लिहा. नंतर लिहिलेलं कुणी मानत नाही.

बांधणीत एकच गोष्ट वेगळी करायची आहे. चेन्नईची दमट हवा कंटेनरमध्ये बंद होते. दिवसा पत्रा तापतो, रात्री समुद्रावर गार होतो, आणि छताला आतून पाणी धरून ते थेंब-थेंब खाली गळतं. पाऊस नसताना, कंटेनरला एकही भोक नसताना सामान भिजतं. म्हणून वरून ताडपत्री, खाली लाकडी पाट, आणि गाद्या पूर्ण वाळवून बांधलेल्या. फ्रिज आठवडाभर आधी बंद करून पुसून कोरडा करा, दाराच्या फटीत गुंडाळलेलं कापड ठेवा म्हणजे आत वास कोंडत नाही, आणि तो उभाच जायला हवा. कंटेनर बंद झाला की सीलचा क्रमांक फोटोसकट मागवून घ्या.

कागदपत्रांचं पटकन. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही, पण वाटेत अडवलं तर दाखवायला यादी आणि बदलीचं पत्र ड्रायव्हरकडे द्या. नव्या, डब्यात बंद वस्तू बरोबर असतील तर त्यांचं बिलही द्या. गॅसचा सिलिंडर सामानात चालत नाही. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, त्यावर तिकडे कनेक्शन मिळतं. मोटारसायकल न्यायची तर सोलापूर आरटीओची एनओसी लागेल, आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असल्याने एमएच-१३ बदलून तिथली नोंदणी आणि तिथला कर. कर्ज असेल तर बँकेचंही पत्र. ३ वर्षांसाठी हा खटाटोप मला पटत नाही, गाडी विका.

आता कधी. अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो, आपल्याकडे मृगाची वाट बघत असतो तेव्हा. पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांचे दिवस. समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो तो जानेवारी अखेर ते एप्रिल. जानेवारीच्या मध्यावर निघायचं म्हणाल तर सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात माझी निम्मी माणसं सुट्टीवर असतात, तेवढा आठवडा टाळा. तुमच्या घरात मात्र खरा प्रश्न शाळेचा. तिथल्या शाळा केंद्रीय बोर्डाच्या, वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. इकडे पाचवीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, आणि पाचवीला आता पास व्हावंच लागतं. दोन्ही टोकं जुळत नाहीत. म्हणून मी घर दोन तुकड्यांत हलवायला सांगेन.

यजमानांनी फेब्रुवारीत एकट्याने, दोन बॅगा घेऊन जावं. भाड्याचं घर ठरवावं, दाराची आणि जिन्याची रुंदी टेपने मोजून तुम्हाला पाठवावी, शाळेत माध्यम कोणतं आणि प्रवेश उशिरा चालेल का ते विचारावं, धक्क्यावरचा माणूस ठरवावा. सामान मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात इथून निघावं, म्हणजे एखादं जहाज चुकलं तरी एप्रिलच्या आत पोचतं. तोवर तुम्ही आणि मुलं आईंकडे किंवा घरातच चार भांडी, दोन गाद्या आणि शेगडीवर राहा. परीक्षा संपली, शाळेचा दाखला हातात आला की एप्रिलच्या शेवटी निघा. दाखले, दागिने, तुमची आणि मुलांची औषधं, डॉक्टरांच्या ३ महिन्यांच्या चिठ्ठ्या, चार्जर, एक कुकर, एक तवा, शेंगाचटणीची बरणी आणि मुलांचे दोन-दोन कपडे हे ट्रकमध्ये जायचं नाही, तुमच्याबरोबर येईल. आणि सामान बेटावरच्या घरात उतरल्याचा, खोकी मोजून झाल्याचा फोन यजमानांकडून आल्याशिवाय तुमची तिघांची तिकिटं पक्की करू नका.